लुइझियाना: तेलाचा पगार की कोळंबीचं जाळं?

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात मॉर्गन सिटी इथे कोळंबी आणि पेट्रोलियम यांचा एकत्र उत्सव भरतो. एक भाऊ रिगवर, म्हणजे समुद्रातून तेल काढणाऱ्या तराफ्यावर, आणि दुसरा मासेमारीच्या बोटीवर, अशी घरं या किनाऱ्यावर आहेत.

तेलाची बाजू भक्कम आहे. काही आठवडे समुद्रात, मग सलग सुट्टी, आणि कॉलेजची पदवी नसतानाही घर चालेल असा पगार. कोळंबीत ही खात्री नाही. आयात मालाने भाव पाडलेत.

पण २० एप्रिल २०१० ला ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर स्फोट झाला. ११ कामगार गेले. ८७ दिवस तेल वाहत राहिलं. मेक्सिकोच्या आखातातल्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या हद्दीतलं एक तृतीयांशाहून अधिक पाणी मासेमारीला बंद झालं. ज्यांनी तेलाचा एक पैसाही घेतला नव्हता, त्यांच्या चुलीवर घाला आला. शिवाय सरकारने खोल समुद्रातलं खोदकाम काही महिने थांबवलं, तेव्हा रिगवरच्यांचंही काम अडलं. नोकऱ्या मोजणारे हे विसरतात.

माझं मन मच्छीमारांकडे झुकतं. तेलाची विहीर कधीतरी आटतेच. कोळंबी जिथे वाढते ती किनाऱ्यावरची दलदल शाबूत राहिली, तर कोळंबी दर हंगामाला येते. नवी विहीर हवीच असेल, तर तेल कंपनीला भरपाईचे पैसे खोदण्याआधीच बाजूला काढून ठेवायला लावा.