प्रोग्रामिंग न येणाऱ्यांसाठी सीएसएसचा वर्ग : कॉलेज रोडवरील सहा रविवार

नाशिकमध्ये अशोक स्तंभाजवळ लग्नपत्रिका आणि माहितीपत्रके जुळवण्याचे डीटीपीचे काम मी चौदा वर्षे करत आहे. ग्राहक आता छापील पत्रिकेबरोबर वेबपेजही मागू लागल्याने कॉलेज रोडवरील एका संस्थेच्या सीएसएस वर्गात मी नाव घातले. सीएसएस म्हणजे वेबपेजचे रंग, अक्षरे आणि मांडणी ठरवणारी भाषा. प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्यांनाही ही भाषा येईल, असे तेथे सांगण्यात आले होते, आणि ते बव्हंशी खरे निघाले.

याचे मोठे श्रेय भाषेच्या घडणीला आहे. येथे संगणकाला क्रमाने कामे सांगायची नसतात. कोणता मजकूर कसा दिसावा, एवढेच लिहायचे असते. पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्याने परिच्छेदांच्या स्टाइल बांधल्या आहेत, त्याला एका जागी रंग बदलताच सगळे मथळे बदलतात याचे नवल वाटत नाही. दुसऱ्या रविवारी माझ्या दोन ओळींच्या मथळ्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडत होते. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १ वरून १.६ केली आणि ओळी मोकळ्या झाल्या. खिळे जुळवणारे ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत, तेच हे काम आहे.

अडचण दुसरीकडेच आली. रंगाच्या ओळीअखेरचा अर्धविराम राहिला, तर ब्राउझर तक्रार करत नाही. ती ओळ आणि तिच्या खालची ओळ तो निमूटपणे सोडून देतो. वर्गातील एक शिक्षिका या एका चिन्हापायी पाऊण तास अडल्या होत्या, तरीही ब्राउझरमधील डेव्हलपर टूल्समध्ये, म्हणजे पान तपासण्याच्या साधनांत, खोडलेली ओळ कशी शोधावी, हे चौथ्या रविवारपर्यंत कोणी दाखवले नाही.

त्याहून खटकले ते कॅस्केडचे, म्हणजे एकाच मजकुरावर अनेक नियम असताना कोणता लागू होतो याचे, शिकवणे. होकुन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये या भाषेचा प्रस्ताव मांडला, तेव्हाच पानाचा लेखक आणि वाचक या दोघांच्या पसंतीचा मेळ घालण्याचा विचार त्यात होता. त्यामुळे कोणता नियम कोणावर मात करतो, हा या भाषेचा गाभाच आहे. आयडीवरचा (एकाच घटकाला दिलेल्या नावावरचा) नियम क्लासवरच्या (अनेक घटकांना मिळून दिलेल्या नावावरच्या) नियमाला, क्लासवरचा नियम नंतर लिहिलेला असला तरी, भारी पडतो, हे समजावण्याऐवजी सरांनी नियमाला इतर नियमांवर मात करू देणारा ‘इम्पॉर्टंट’ हा शब्द जोडण्याचा तोडगा सांगितला. माझ्या पानावर असे नऊ तोडगे साचले आणि मोबाइलसाठी अक्षरे लहान करायची वेळ आली, तेव्हा एकही मथळा हलेना. ते सगळे काढून पान नव्याने लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

तरीही हा वर्ग करावा, असेच मी सांगेन. मात्र पैसे भरण्यापूर्वी कॅस्केडला किती वेळ देणार, हे सरांना स्पष्ट विचारून घ्यावे.