‘हायजीनिस्ट’ सांगून फी घेतात, हाती पडतं असिस्टंटचं प्रमाणपत्र

डेंटल हायजीनिस्ट म्हणून केलेला नोंदणीचा अर्ज परत आला की मगच बहुतेकांना कळतं की आपण फसलो. तोवर फीही गेलेली असते आणि वर्षही.

गोंधळ नावातच करून ठेवलेला असतो. डेंटल असिस्टंट खुर्चीशेजारी बसून सक्शन (तोंडातलं पाणी ओढणारी नळी) धरतो, अवजारं हातात देतो, निर्जंतुकीकरण सांभाळतो. हायजीनिस्ट स्वतः रुग्णाच्या दातांवरचं कीटण काढतो. त्याचा अभ्यासक्रम साधारण दोन-तीन वर्षांचा असतो आणि पुष्कळ देशांत नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही. कवळ्या आणि कॅप बनवणारा लॅब टेक्निशियन हा तिसराच पेशा. माहितीपत्रकावर मात्र ‘डेंटल हायजीन अँड असिस्टिंग’ असं जोडनाव छापून सहा महिन्यांचा वर्ग खपवला जातो. असिस्टंटचं काम कमी दर्जाचं अजिबात नाही. पण एक सांगून दुसरं विकणं ही उघड लबाडी आहे.

दुसरी फसवणूक प्रात्यक्षिकाची. चित्रं आणि प्लॅस्टिकचे जबडे दाखवून सत्र संपवतात. पहिल्याच नोकरीत रूट कॅनालची तयारी करायला सांगितली की फायलींचे (दाताच्या मुळातली पोकळी साफ करायच्या बारीक सुयांचे) रंग आठवत नाहीत: १५ नंबर पांढरी, २० पिवळी, २५ लाल, ३० निळी, ३५ हिरवी, ४० काळी. अल्जिनेटचा, म्हणजे दातांचा ठसा घ्यायच्या मऊ मिश्रणाचा, साचा घेऊन तसाच ट्रेमध्ये ठेवला तर त्यातलं पाणी उडून तो आकसतो, पाण्यात बुडवून ठेवला तर फुगतो, आणि दोन्ही वेळा त्यावरून बनवलेली वस्तू तोंडात बसत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्रात) पाकिटावर लावलेल्या टेपचा रंग बदलला म्हणजे जंतू मेले असं शिकवणारे वर्ग तर धोकादायकच. टेप फक्त उष्णता पोचल्याचं सांगते. १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटं किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटं वाफ मिळाली का, हे सायकलच्या नोंदीत बघायचं असतं, आणि बीजाणू (काही जंतूंचं सगळ्यात चिवट रूप) खरोखर मेले का हे बीजाणू चाचणीवरूनच कळतं.

वर्ग खरा आहे का, हे ओळखायला रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ‘बी’च्या लसीबद्दल विचारा. नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना असतात, म्हणून खऱ्या रुग्णांजवळ पाठवणारी संस्था प्रवेशाच्या वेळीच लसीचा विषय काढते. तो निघालाच नाही, तर खुर्चीपाशी बसायला मिळणार नाही असं समजा. मिळालं, तर संस्थेला तुमच्या जिवाची पर्वा नाही.

फी भरण्याआधी नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या मान्य अभ्यासक्रमांच्या यादीत नाव स्वतः शोधा; संस्थेने दाखवलेली झेरॉक्स चालणार नाही. रुग्णांसोबतचे तास किती आणि कोणत्या दवाखान्यात, हे लेखी घ्या आणि त्या दवाखान्यात जाऊन विचारा. एक्स-रे काढायला बऱ्याच ठिकाणी वेगळा परवाना लागतो, तो अभ्यासक्रमात धरलाय का तेही. पुढे हायजीनिस्ट व्हायचं असेल तर इथले विषय तिथे धरतात का, हे त्या पुढच्या कॉलेजलाच विचारा. ‘शंभर टक्के नोकरी’ म्हणणाऱ्याकडून मागच्या तुकडीतल्या तिघांचे फोन नंबर मागा.

पैसे आधीच भरले असतील तर माहितीपत्रक, पावत्या, व्हॉट्सॲपवरची आश्वासनं आणि हजेरीपट जपून ठेवा, परतावा लेखी मागा, आणि त्याची एक प्रत परिषदेला व ग्राहक तक्रार यंत्रणेला पाठवा. मूळ प्रमाणपत्रं संस्थेकडे ठेवली असतील तर ती सगळ्यात आधी परत घ्या.