पेठेतल्या गच्चीवरून शॉर्टवेव्ह : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याला एसएसबीची (हौशी रेडिओवाले बोलण्यासाठी वापरतात त्या प्रसारणपद्धतीची) सोय असलेला, तळहाताएवढा चिनी शॉर्टवेव्ह रेडिओ रिसीव्हर घेतला, त्याला आता नऊ महिने झाले. जे केंद्र मोबाइलवर स्वच्छ ऐकू येते तेच खरखरीसकट कशाला ऐकायचे, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे आणि ज्यांना केवळ बातम्या हव्या आहेत त्यांनी हा खर्च करू नये, असेच मी सांगेन.

रिसीव्हरविषयी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती शहराविषयी. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर आणि राउटरचा अडॅप्टर मिळून अशी घरघर माजवतात की पहिले दोन आठवडे मी यंत्रच सदोष समजत होतो. मग एका गुरुवारी दुरुस्तीसाठी परिसराची वीज गेली आणि एरवी मुक्या वाटणाऱ्या २५ मीटर बँडवर (म्हणजे सुमारे २५ मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यावर) एकापाठोपाठ एक केंद्रे उमटू लागली. त्याच संध्याकाळी टाकीच्या पाइपापासून कठड्यापर्यंत, दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी बांधून, आठ मीटर तांब्याची तार ओढली आणि तिचे एक टोक क्लिपने रेडिओच्या दांडीला जोडले. (दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी तीवर चादर वाळत घातली. तार कशाची, हे समजावताना चहा झाला.) वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की मात्र क्लिप आठवणीने काढावी लागते.

शॉर्टवेव्हच्या लहरी ज्यावरून परतून दूरवर पोहोचतात त्या आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, खालचा डी थर दिवसा कमी फ्रिक्वेन्सीच्या (म्हणजे जास्त मीटरच्या) लहरी शोषून घेतो आणि सूर्यास्तानंतर तो विरतो; त्यामुळे ४९ आणि ४१ मीटर रात्री, तर १९ मीटर दुपारी, हे वेळापत्रक हळूहळू अंगवळणी पडते. केंद्रे मात्र कमी होत चालली आहेत. वडील ज्यासाठी रेडिओ लावत, ते बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण १९४० साली सुरू होऊन ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले.

एका रात्री बीबीसीचे इंग्रजी वार्तापत्र रेडिओवर आणि मोबाइलवर एकदमच लावले, तेव्हा रेडिओवरची निवेदिका निरोप घेऊन गेली तरी मोबाइलवरची तीच बाई शेवटची बातमी वाचत होती. स्ट्रीमिंगमध्ये आवाज आधी साठवला जातो, म्हणून हा उशीर. उलट १० मेगाहर्ट्झवरील चीनच्या बीपीएम या, अचूक वेळेचे ठोके प्रसारित करणाऱ्या, वेळकेंद्राची टिकटिक पुण्यात पोहोचायला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. दिवाणखान्यातले घड्याळ हल्ली मी तिच्यावरच लावतो. पहिल्यांदा लावले तेव्हा ते चाळीस सेकंद मागे निघाले.