कोंबड्यांच्या शेडची धुलाई आणि निर्जंतुकीकरण करून देणारी नाशिकची सेवा: एका बॅचचा अनुभव

निफाड तालुक्यात आमचे पाच हजार ब्रॉयलर पक्ष्यांचे शेड आहे आणि नांदूर मध्यमेश्वर तेथून फार लांब नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील या पाणथळीला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता) मिळाल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले, याचे आम्हालाही कौतुक आहे. मात्र थंडीत तेथे उतरणारी चक्रवाक, थापट्या यांसारखी बदके स्वतः आजारी न दिसताही बर्ड फ्लूचा विषाणू बाळगू शकतात, त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडावर भरायच्या बॅचची आम्हाला दरवर्षी धास्ती असते. शिवाय देशातला पहिला उद्रेक 2006 मध्ये ज्या नवापूरला झाला आणि 2021 मध्ये जेथे रोग पुन्हा आला, ते आमच्याच नाशिक महसूल विभागात आहे. म्हणून यंदा जुनी बॅच उचलल्यावर शहरातील एका सेवेकडून शेडची धुलाई, निर्जंतुकीकरण आणि कामगारांचे प्रशिक्षण अशी तिन्ही कामे करून घेतली. दर चौरस फुटाला 2 रुपये, औषधाचे पैसे वेगळे.

पहिल्या दिवशी त्यांनी फवारणी केलीच नाही, आणि माझ्या मते या सेवेची सर्वांत मोलाची बाब हीच आहे. आम्ही लिटर, म्हणजे पक्ष्यांखालचे विष्ठा मिसळलेले अंथरूण, काढून द्राक्षबागेसाठी देऊन टाकले होते व जमीन स्वच्छ झाली असे समजत होतो. पथकाच्या मुकादमाने फीडरच्या रांगेखाली खुरपे टेकवून ओढले, तेव्हा वाळलेल्या विष्ठेची पापडी तळहाताएवढी उचलून आली. ‘‘काका, यावर कितीही भारी औषध मारा, ते या पापडीवरच खर्ची पडेल,’’ असे ते म्हणाले, आणि ते खरेच आहे. क्लोरीनसारखी जंतुनाशके सेंद्रिय घाणीत लवकर निष्प्रभ होतात, तर थंड, ओलसर विष्ठेत हा विषाणू 4 अंश सेल्सिअसला महिनाभराहून अधिक काळ तग धरू शकतो. मग आधी खरवडणे, नंतर डिटर्जंटच्या पाण्याने छतापासून खाली धुणे, एक दिवस वाळवणे आणि त्यानंतरच ग्लुटराल्डिहाइड व क्वाटर्नरी अमोनियम असलेल्या औषधाची फवारणी, असा क्रम त्यांनी पाळला. बागेच्या फवारणीचा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप वापरा, असे मी सुचवले होते. टाकीत कीटकनाशकाचा अंश राहतो, म्हणून त्यांनी तो नाकारला. आम्ही इतकी वर्षे पडद्यांच्या उघड्या शेडमध्ये फॉर्मलिन आणि पोटॅशियम परमँगनेटचा धूर करत होतो, त्यातला किती वायू आत टिकत असेल, हे आता आठवून हसू येते.

प्रशिक्षण जेमतेम तासाभराचे होते, पण नेटके. घरी गावठी कोंबड्या कोण पाळतो, हा त्यांचा पहिलाच प्रश्न. आमच्या तिघांपैकी दोघांनी हात वर केला. घरच्या कोंबड्यांचा रोग कपड्यांवरून शेडमध्ये येऊ नये, म्हणून तेव्हापासून शेडचे कपडे आणि गमबूट शेडच्या दाराशीच राहतात. विषाणू डोळ्यांतूनही शिरू शकतो, म्हणून अचानक मर वाढल्यास एन-95 मास्कबरोबर चष्माही हवा, हे त्यांनी पटवून दिले. वापरलेले हातमोजे आतली बाजू बाहेर येईल असे उलटे काढायचे आणि मास्क सर्वांत शेवटी, हे प्रत्येकाकडून दोनदा करवून घेतले. मेलेले पक्षी उघडून पाहायचे नाहीत, विकायचे तर मुळीच नाहीत, पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवायचे आणि पक्षी हाताळणाऱ्याला ताप आला तर डॉक्टरांना कोंबड्यांशी आलेला संपर्क आधी सांगायचा, हेही झाले.

आता उणिवा. औषधाच्या प्रमाणाचा तक्ता इंग्रजीत होता; ज्यांनी रोज औषध कालवायचे, त्यांनाच तो वाचता येईना, शेवटी माझ्या पुतणीने तो मराठीत लिहून दाराला लावला. दारातला पाय बुडवण्याचा ट्रे इतका तोकडा होता की नऊ नंबरचा गमबूट त्यात तिरका ठेवावा लागे, आणि तो उघड्यावर ठेवल्यामुळे दुसऱ्याच दिवशी त्यात पावसाचे पाणी भरले. बूट आधी ब्रशने धुवायचे असतात, पण ब्रश त्यांनी दिलेल्या संचात नव्हता. संचातला चष्मा पाच मिनिटांत वाफेने धूसर होतो, म्हणजे कामगार तो कपाळावर चढवणार हे ठरलेलेच.

त्यांच्या पत्रकातील ‘बर्ड फ्लूपासून संपूर्ण संरक्षण’ या वाक्याला मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे. उघड्या बाजूंवर जाळी, पाण्याच्या टाकीला झाकण, एकाच दिवसात चार शेड फिरून येणारा कंपनीचा सुपरवायझर आणि तयार पक्षी उचलून नेणाऱ्या (लिफ्टिंगच्या) गाडीचे पिंजरे हे त्यांच्या कामात मोडत नाही. शिवाय रोगाची पुष्टी झाली की 1 किलोमीटरच्या परिघातले पक्षी नष्ट केले जातात, मग आमचे शेड कितीही चकचकीत असले तरी शेजाऱ्याबरोबर आमचाही निकाल लागतो. हे मी त्यांना बोलून दाखवले, तेव्हा तीन शेड एकत्र दिल्यास दीड रुपया दर लावू, असे त्यांनी मान्य केले. पुढची बॅच भरण्याआधी शेजारच्या दोघांसह एकाच आठवड्यात काम उरकायचे ठरले आहे. ट्रे आणि ब्रश तेवढे आम्ही आमचे आणणार आहोत.