‘फुल सेटअप’मधला जांभळा दिवा

लेपर्ड गेको, म्हणजे पाळायची ठिपक्यांची पाल, घ्यायचा म्हटलं, की ऑनलाइन विक्रेत्याचा पहिला प्रश्न येतो, ‘दादा, सेटअप आहे का?’ नाही म्हटलं, की गेकोबरोबर तीन-चार हजारांचं एक खोकं गळ्यात मारलं जातं. त्याला ‘फुल सेटअप’ म्हणतात. पैसे यूपीआयने आधी, माल पुण्या-मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. लातूर, नांदेड, परभणीकडे सरपटणारे प्राणी जाणणारं दुकान सहज सापडत नाही, त्यामुळे खोक्यात काय असायला हवं होतं हे सांगणारंही कोणी भेटत नाही.

खोक्यात साधारण हे निघतं: लाल काचेचा बल्ब, छोटा जांभळा एलईडी, यूएसबीवर चालणारं हीट पॅड किंवा वायर लावलेला ‘गरम दगड’, काचेला चिकटवायचा काट्याचा थर्मामीटर, प्लॅस्टिकचा होल्डर आणि रंगीत ‘कॅल्शियम सँड’ची पिशवी. ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट नसतो. मागितला तर उत्तर ठरलेलं, ‘आपल्याकडे गरमीच आहे, काय गरज?’

सगळ्यात मोठी लबाडी त्या जांभळ्या एलईडीत आहे. वेष्टनावर ‘यूव्हीए + यूव्हीबी १०.०’ छापलेलं असतं, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचे दोन प्रकार. पुरावा म्हणून व्हिडिओत दिव्याखाली पाचशेची नोट धरतात आणि तिच्यावरचा नंबर चमकवून दाखवतात. नोट तपासायच्या टॉर्चनेही तो तसाच चमकतो. अशा स्वस्त एलईडीचा प्रकाश ३९५ ते ४०५ नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे यूव्हीएची कड आणि जांभळा रंग. कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारा यूव्हीबी २८० ते ३१५ नॅनोमीटरचा, आणि तो डोळ्यांना दिसतच नाही. खरी यूव्हीबी ट्यूब पेटली की पांढरट दिसते. भडक जांभळा उजेड दिसला, की तिथेच शंका घ्या. साध्या काचेतून यूव्हीबी जवळपास पार होत नाही, म्हणून साध्या काचेच्या बल्बवर ‘यूव्हीबी’ लिहिलेलं असेल तर तेही खोटं. खरी टी-५ (बारीक व्यासाची) यूव्हीबी ट्यूब लावूनही ती गेकोच्या काचेच्या टाकीच्या काचेच्या झाकणावर ठेवली तर पैसे पाण्यात. बारीक जाळीसुद्धा बराच हिस्सा खाते.

नुकसान मात्र पुढच्या सल्ल्याने होतं. ‘यूव्हीबी दिलाय ना, मग साधं कॅल्शियम चालतं, डी-३ वालं नको.’ लेपर्ड गेको यूव्हीबीशिवाय जगतो, पण खाद्यातून डी-३, म्हणजे तेच ड जीवनसत्त्व, मिळालं तरच. खोटा दिवा आणि डी-३ नसलेली पावडर एकत्र आली, की हाडं हळूहळू मऊ पडतात. जबडा रबरासारखा लवतो, पुढचे पाय वाकतात, किडा पकडताना नेम चुकतो, बोटं थरथरतात. याला काही महिने लागतात, आणि परतीची मुदत सात दिवसांची. विक्रेता सुटतो तो इथेच. विचारलं तर म्हणतो, ‘तुम्ही नीट खाऊ घातलं नाही.’

लाल बल्बची थाप जुनी. ‘गेकोला लाल दिसत नाही, रात्रभर चालू ठेवा.’ गेको अंधुक उजेडातही रंग ओळखतात, आणि रात्रभराच्या उजेडाने त्यांचा दिवस-रात्रीचा हिशेब बिघडतो. रात्री काळोखच हवा. ऊब लागलीच तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरतात, पण त्याचा पृष्ठभाग २०० अंशांवर जातो. खोक्यातला होल्डर प्लॅस्टिकचा, घरातलं पॉइंट पिनचं आणि हीटर चुडीचा, म्हणून सोबत प्लॅस्टिकचं कन्व्हर्टरही येतं. तासाभरात जळका वास येऊ लागतो आणि कन्व्हर्टर एका बाजूला कलतं. चिनीमातीचा होल्डर आणि भोवती लोखंडी जाळी, यात तडजोड नाही.

गरम दगड सरळ कचऱ्यात टाका. तो एका ठिकाणी भाजतो आणि एका ठिकाणी गार राहतो. पोट भाजत असलं तरी गेको तिथून हलेलच असं नाही. आधी कातडी गुलाबी होते, मग फोड. यूएसबी पॅड याच्या उलट: पाच व्होल्टवर एक अँपिअर म्हणजे पाच वॅट, तीन फुटी टाकीला डिसेंबरात ते काय पुरणार! मोठी २३० व्होल्टची हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावली तर पृष्ठभाग ४५-५० अंशांवर सहज जातो, आणि वर जाड वाळू असेल तर उष्णता खालीच कोंडून काच तडकू शकते.

हवं ते एवढंच: गरम बाजूच्या पृष्ठभागावर ३२ ते ३४ अंश, थंड बाजूला २४ ते २७, रात्री २०-२१ पर्यंत उतरलं तरी चालतं. मॅट तळाच्या एक तृतीयांशाहून मोठी नको. तिच्यावर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, गवंड्याकडे फुकट मिळतो आणि ऊब धरून ठेवतो. थर्मोस्टॅट एसटीसी-१००० चालतो, पण तो नुसता पॅनलमधला डबा असतो. वीज १-२ नंबरच्या टोकांना, सेन्सर ३-४ ला, हीटर ५-६ ला. ५-६ हा फक्त स्विच आहे, त्यातून आपोआप वीज येत नाही, फेज लूप करून द्यावी लागते. हे वायरमनकडून डब्यात बंद करून घ्या. सेटिंगमध्ये एफ-१ (हवं ते तापमान) ला ३३, एफ-२ (चालू-बंदमधला फरक) ला १ ठेवलं, की ३२ ला चालू आणि ३३ ला बंद. सेन्सर फरशीवर अॅल्युमिनियमच्या टेपने पक्का बसवा. तो निसटून थंड बाजूला पडला, तर थर्मोस्टॅटला टाकी गारच वाटते आणि हीटर बंद होत नाही. बिघाडाचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

काट्याचा थर्मामीटर चार-पाच अंशांनी सर्रास चुकतो, आणि दाखवतो काचेजवळच्या हवेचं तापमान. डिजिटल घ्या आणि कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून सेन्सर बुडवा. शून्य दिसायला हवं. एका अंशापेक्षा जास्त फरक असेल तर परत करा. गेको घरी येण्याआधी रिकामी टाकी पूर्ण दिवस चालवा आणि पहाटे, दुपारी, रात्री आकडे लिहून ठेवा.

‘गरमीच आहे’ हे अर्धं खरं, म्हणून जास्त धोक्याचं. हे खोकं थंड देशांच्या हिशेबाने बनलेलं. मे महिन्यात नांदेडात बाहेर ४२-४३, पत्र्याच्या खोलीत दुपारी ३८-४० होतं. तेव्हा थर्मोस्टॅट नसलेला दिवा अजून उष्णता ओततो आणि थंड बाजू उरतच नाही. एप्रिल ते जून हीटर बहुतेक बंदच असावा. टाकी जमिनीलगत, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा. थंड कोपऱ्यात खापराचा अर्धा तुकडा पालथा घालून खाली ओला नारळाचा भुसा ठेवा. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून काचेला बाहेरून टेकवा. कूलरचा झोत थेट टाकीवर नको. हिवाळ्यात मात्र परभणीत पहाटे पारा १० च्या खाली जातो. तेव्हा लाइट गेली तर टाकीवर गोधडी टाका, हवेची भोकं उघडी ठेवून.

मागवायचंच असेल तर आधी तीन गोष्टी लेखी मागा: यूव्हीबी दिव्याच्या कंपनीने छापलेला अंतरानुसार यूव्ही इंडेक्सचा (अतिनील किरणांच्या तीव्रतेचा) तक्ता, थर्मोस्टॅटचं मॉडेल आणि जीएसटीचं बिल. तक्त्याऐवजी नोटेचा व्हिडिओ आला तर सौदा सोडा. गेको कुठून आला याचे कागदही मागा. याच कुळातली वेस्ट इंडियन लेपर्ड गेको महाराष्ट्राच्या रानात आढळते, आणि रानातून पकडलेली गळ्यात पडली तर वन विभागाला उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

फसलाच असाल तर खोकं फेकू नका. वेष्टनावरच्या ‘यूव्हीबी’चा फोटो, चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा. चुकीचा माल आला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला तर सायबर हेल्पलाइन १९३०, आणि तीही त्याच दिवशी, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकले की अडवणं अवघड होतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही. जांभळा एलईडीही पुरावा म्हणून ठेवा, पिन काढून.