पावडर कोटिंगच्या नावाखाली स्प्रे: अलॉय व्हीलच्या कामात झालेली फसवणूक

पुण्यातल्या एका दुकानाने माझ्या गाडीची चार अलॉय व्हील 'नव्यासारखी' करून देतो म्हणून १८,००० रुपये घेतले. जुना लेप पूर्ण उतरवणं, पावडर कोटिंग (रंगाची कोरडी भुकटी मारून भट्टीत भाजलेला लेप), पुढच्या बाजूला डायमंड कट (लेथवर ताशून आणलेली चमक), वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर आणि दोन वर्षांची वॉरंटी, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी टायरसुद्धा खोलले नाहीत. चाक गाडीवरून उतरवलं, पॉलिश पेपर मारला, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरली आणि डब्यातला रंग फवारून टाकला. कोकणात राहणारे बरेच जण पावसाळ्याआधी हेच काम करून घेतात आणि सगळ्यांना तीच वाक्यं ऐकवली जातात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. गाडी उभी असते तिथून समुद्र दिसतो. दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ या फेऱ्यांवरून वर्षभर ये-जा असते. खाडीचं पाणी चाकांवर उडतं, ते वाळतं आणि मीठ मागे राहतं. तरीही कंपनीतून आलेला लेप या हवेत सहा वर्षं चांगला राहिला. मग चाकाच्या दांड्यांच्या (स्पोकच्या) कडेला, जिथे बारीक खडे लागून टवका उडाला होता तिथून, पारदर्शक थराखाली पांढऱ्या रेघा पसरू लागल्या. लाकडात वाळवीने वाट काढावी तशा वाकड्यातिकड्या. नख लावलं की क्लिअर कोटचा पापुद्रा सुटून यायचा आणि खाली पांढरी भुकटी दिसायची. शिवाय मागच्या डाव्या चाकातली हवा हळूहळू उतरायची, पंक्चर मात्र सापडायचं नाही.

अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, असं दुकानदार छातीठोक सांगतात. लोखंडासारखा तांबडा गंज त्याला चढत नाही, एवढंच खरं. हवा लागली की या धातूवर स्वतःच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. मिठातलं क्लोराइड तो पापुद्रा ठिकठिकाणी फोडतं. वर रंग किंवा लॅकर असेल तर खार आणि ओल टवक्यातून आत शिरते आणि थराखालून पुढे सरकत राहते. रेघेच्या टोकाशी आम्लयुक्त ओल असते, ती धातू खाते आणि मागे पांढरी भुकटी सोडते. डायमंड कट चाकांना हा त्रास जास्त, कारण त्यांच्या चकचकीत भागावर रंग नसतोच. लेथवर ताशलेला उघडा धातू आणि त्यावर फक्त क्लिअर कोट. ताशलेल्या कडा धारदार असतात, तिथे लेप पातळ बसतो, आणि सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

म्हणून अशा चाकावर नुसता रंग मारून काहीच साधत नाही. क्लोराइड खालीच राहतं. वरून कितीही चमक आणली तरी आतलं काम चालू असतं. खरी पद्धत अशी: टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंगची वजनं सगळं काढायचं, जुना लेप रसायनाने उतरवायचा, ब्लास्टिंग करून, म्हणजे बारीक कण जोरात मारून, धातू स्वच्छ करायचा, शुद्ध पाण्याने धुवायचा, लेप धरून राहावा म्हणून रासायनिक प्रक्रिया द्यायची, मग पावडर मारून साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजायचं. डायमंड कट हवा असेल तर त्यानंतर सीएनसी लेथवर पुढचा भाग ताशायचा आणि वर क्लिअर कोट. या कामाला भट्टी लागते, लेथ लागतो आणि काही दिवस लागतात. हे दुकानातल्या माणसालाही तोंडपाठ होतं. त्याने मला हीच सगळी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवली होती.

हवा उतरण्याचंही मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "साहेब, टायर जिथे रिमला टेकतो ना, तिथे ऑक्साइड धरलंय. टायर खोलला की तीही जागा घासून नवीन करतो. काळजीच सोडा." निदान अगदी बरोबर होतं. म्हणूनच विश्वास बसला. काम येत नसलेल्या माणसापेक्षा, काम पुरतं ठाऊक असून न करणारा माणूस जास्त गोत्यात आणतो.

मधल्या काळात त्याने दोन फोटो पाठवले. एकात लेप उतरवलेलं राखाडी चाक, दुसऱ्यात भट्टीसमोर टांगलेली चाकं. ताब्यात मिळाली तेव्हा चाकं झगझगीत दिसत होती. पावती मात्र कच्ची होती आणि तिच्यावर फक्त 'अलॉय वर्क' एवढंच लिहिलेलं. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी लावला तर अठरा टक्के वर द्यावे लागतील, साहेब" असं उत्तर आलं. पैसे मी ऑनलाइन दिले होते, त्यामुळे रक्कम तरी नोंदलेली राहिली.

मे महिन्यात काम झालं. गणपतीला मुंबईचे पाहुणे आले तोवर चारही चाकांवर फोड आले होते. दांड्यांच्या मुळाशी लॅकर उचललं गेलं होतं, एका ठिकाणी तर रंगाखालून लांबीचा गुलाबीसर तुकडाच सुटून हातात आला. आणि मागच्या डाव्या चाकातली हवा पूर्वीसारखीच उतरत होती.

चिपळूणला नेहमीच्या टायरवाल्याकडे गाडी नेली. त्याने चाक उतरवलं, उलटं केलं, बोटाने आतली कड पुसली आणि म्हणाला, "काका, हे चाक खोललेलंच नाही कुणी. हे वजन बघा, मीच चिकटवलेलं आहे."

रिमच्या आतल्या बाजूला बॅलन्सिंगसाठी चिकटवतात ती चौकोनी वजनं होती. अर्धी पट्टी स्वच्छ आणि अर्ध्या पट्टीवर चंदेरी रंगाचे शिंतोडे. टायर काढून पुन्हा बसवला असता तर बॅलन्सिंग नव्याने करावं लागलं असतं, जुनी वजनं निघाली असती. चाक भट्टीत गेलं असतं तर वजनामागचा डिंक तरला नसता आणि व्हॉल्व्हचं रबरही तरलं नसतं. तो व्हॉल्व्हही जुनाच होता, बुंध्याशी चंदेरी धूळ बसलेली. टायरच्या कडेला रबरावर रंगाची बारीक रेघ होती, चिकटपट्टी नीट न लावता फवारल्याची. मग त्याने टायर खोलला. जिथे रबर रिमला टेकतं त्या कड्यावर पांढऱ्या खवल्यांचा जाड थर जसाच्या तसा होता. हवा तिथूनच जात होती. ट्यूबलेस टायरला आत ट्यूब नसते, हवा फक्त त्या कड्यावर अडते. कडा खवलेदार झाला की हवा जाणारच. घाटात किंवा हायवेवर कमी हवेच्या टायरने गाडी चालवली तर तो तापतो आणि फुटू शकतो. त्या चाकाच्या गाडीत माझी आई आणि नातवंडं बसत होती. पैशांपेक्षा या गोष्टीचा मला जास्त संताप आहे.

टायरवाल्याने कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून चाकावर घासला. बोळा लगेच चंदेरी झाला आणि खाली जुना, पिवळट पडलेला क्लिअर कोट दिसला. भाजलेलं पावडर कोटिंग असं चार फेऱ्यांत पुसून येत नाही.

'डायमंड कट'चंही तेच. लेथवर ताशलेल्या पृष्ठभागावर तिरप्या उजेडात एकामागे एक, एकाच केंद्राभोवती फिरणाऱ्या अतिबारीक रेषा दिसतात आणि त्या सगळ्या दांड्यांवर एका ओळीत जुळतात. माझ्या चाकांवर हाताने घासल्याचे उलटेसुलटे ओरखडे होते. मग ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो मोठे करून पाहिले. चाकाच्या मागच्या बाजूला ओतताना उमटवलेले आकडे असतात. माझ्या चाकांवर रुंदी ५.५जे (म्हणजे साडेपाच इंच) आहे, फोटोतल्या चाकावर ६जे होतं. म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या चाकाचा फोटो माझ्या नावावर खपवला होता.

दुकानाला फोन केला. आधी "खारी हवा आहे, साहेब, तिकडे काहीच टिकत नाही." मग "तुम्ही अ‍ॅसिडने धुतलं असणार." दोन्ही गोष्टी एरवी खोट्या नाहीत. काही वॉशिंग सेंटरवर चाकांचा काळेपणा काढायला आम्लाचं किंवा कॉस्टिकचं पाणी मारतात, त्याने लेप आणि धातू दोन्ही खाल्ले जातात. प्रामाणिक कारागिराने केलेलं डायमंड कटचं कामसुद्धा खडा लागून टवका उडाला की तिथून सुटू शकतं, हेही मान्य. पण माझ्या गाडीला घरीच साध्या पाण्याने आणि शाम्पूने धुतलं जातं, कंपनीचा लेप याच खाऱ्या हवेत सहा वर्षं टिकला होता, आणि खारी हवा काही जुन्या वजनांवर रंग फवारत नाही. हे सगळं सांगितल्यावर "आणा, परत करून देतो, फुकटात" असं म्हणाला. पुन्हा तोच स्प्रे मारून घ्यायला कुंभार्ली घाट चढून पुण्याला जाण्याची माझी तयारी नव्हती.

चाकं शेवटी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत नेली. मेहुण्याच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथे पावडर कोटिंग करतात. त्यांच्याकडे लेपाची जाडी मोजायचं यंत्र आहे. अ‍ॅल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे लोखंडी पत्र्यावर चालणारं साधं यंत्र इथे चालत नाही, वेगळं लागतं. पावडरचा एक थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) बसतो. माझ्या चाकांवर काही जागी आकडा त्याच्या कितीतरी पट आला. त्या सगळ्या लांबी भरलेल्या जागा. ते म्हणाले, "लांबी दिसली की मी आधी काम थांबवतो. खाली ओरखडा आहे की तडा, हे लांबीवरून कळत नाही." त्यांनी लेप उतरवून धातू उघडा केला आणि मला बोलावून दाखवला. तीन चाकं चांगली निघाली. मागच्या डाव्या चाकाच्या कड्यावरचे खड्डे खोल होते. ते भरू नका, वेल्डिंगही करू नका, चाकच बदला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अलॉयला ओतल्यानंतर उष्णतेची प्रक्रिया देऊन ताकद आणलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेने ती त्या भागात जाते. ते एक चाक मी नवीन घेतलं. उरलेल्या तिन्हींवर डायमंड कट केलाच नाही, चौथ्यासह सगळ्यांना एकाच रंगाचा पूर्ण पावडर कोट करून घेतला. दर वेळी ताशताना धातू कमी होतो, आणि समुद्रकाठच्या गाडीला ताशलेल्या धातूवर फक्त पारदर्शक थर ठेवण्यात शहाणपण नाही, असं माझं मत झालं आहे. दिसायला थोडं साधं दिसतं, पण चालतं.

ज्यांना हे काम करून घ्यायचं आहे त्यांनी दुकानदाराकडे लेप उतरवल्यानंतरचं चाक प्रत्यक्ष बघायचा आग्रह धरावा. लांब असेल तर व्हिडिओ कॉलवर, आणि त्यात चाकाच्या मागचे आकडे दाखवायला सांगावं. देण्याआधी प्रत्येक चाकाच्या मागच्या बाजूचे, वजनांचे आणि व्हॉल्व्हचे फोटो काढून ठेवावेत. चाकं परत घेताना पुढची चमक बघण्याआधी चाक उलटं करावं. जुनी वजनं जागेवर असतील तर तिथेच पैसे थांबवावेत. सकाळी देऊन संध्याकाळी मिळणारं 'पावडर कोटिंग' असेल तर टायर कधी काढला, चाक भट्टीत कधी गेलं आणि पुन्हा बॅलन्सिंग कुठे केलं, हे विचारावं. आणि पक्कं बिल घ्यावं, कामाचं नाव त्यावर लिहून घ्यावं, मग अठरा टक्के गेले तरी चालतील.

फसवणूक झालीच असेल तर पुण्यातल्या दुकानासाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. मी तिथे नोंद केली आणि दुकानाला लेखी नोटीस पाठवली. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवरची कामाची यादी, पैसे दिल्याची नोंद, दोन्ही फोटोंतले आकडे आणि चिपळूणच्या टायरवाल्याने सही करून दिलेला कागद जोडला.

नोटिशीनंतर दुकानाने १०,००० रुपये देऊ केले, तक्रार नाही असं लिहून देण्याच्या अटीवर. मी लिहून दिलं नाही. रत्नागिरीच्या आयोगात कागद दाखल केले आहेत, पूर्ण रक्कम आणि बदलाव्या लागलेल्या चाकाचा खर्च मागितला आहे.