गोचीड-लुतीची चघळायची गोळी: फॉस्टरच्या आजारी कुत्र्याला कोणती द्यावी, कधी देऊ नये

लूत भरलेलं, कानाच्या पाळीत गोचिडांचे घोस लटकणारं कुत्रं दत्तक जाईपर्यंत सांभाळायला, म्हणजे फॉस्टर म्हणून, दोन-अडीच महिन्यांसाठी घरी आणलं की बाकी काहीही करण्याआधी अंगावरच्या या जिवांचा बंदोबस्त करावा लागतो. सांगली, मिरज, कुपवाडात त्यासाठी चालत आलेले उपाय तीन: अमिट्राझचं पाणी, गुरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन, आणि गॅरेजमधलं जळकं ऑईल. आता नेक्सगार्ड, सिंपॅरिका आणि ब्रॅव्हेक्टो या चघळायच्या गोळ्याही मिळतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो. फॉस्टरच्या कुत्र्याला पहिली गोळी महिनाभर पुरणारीच द्यावी, म्हणजे नेक्सगार्ड किंवा सिंपॅरिका. तीन महिन्यांची ब्रॅव्हेक्टो औषध म्हणून उत्तम आहे, पण तिची वेळ नंतर येते, तपासण्या होऊन कुत्रं दत्तक जायला निघालं की.

तिन्ही गोळ्या एकाच कुळातल्या. नेक्सगार्डमध्ये अफॉक्सोलेनर, सिंपॅरिकात सॅरोलेनर, ब्रॅव्हेक्टोत फ्लुरालेनर. औषध रक्तात उतरतं, गोचीड किंवा पिसू चावली की तिच्या पोटात जातं आणि तिच्या मज्जासंस्थेवर घाव घालतं. म्हणजे मरायला गोचिडीला आधी चावावंच लागतं. पहिल्या दोन दिवसांत अंगावर गोचिडी दिसल्या म्हणून 'गोळी फुकट गेली' असं समजू नका. मेलेली गोचीडही कातडीला चिकटून राहते; ती वाळलेली, सुरकुतलेली दिसते, पाय हलवत नाही.

महिन्याचीच का, याचं पहिलं कारण वजन. रस्त्यावरून आलेलं, हाडं मोजता येतील असं कुत्रं पोटभर खायला मिळालं की महिन्याभरात वजनाचा पट्टा, म्हणजे एका गोळीसाठी ठरलेली वजनाची मर्यादा, ओलांडतं. नेक्सगार्डचे पट्टे २ ते ४, ४ ते १०, १० ते २५ आणि २५ ते ५० किलो असे आहेत. सिंपॅरिकाचे ५ ते १०, १० ते २० असे चढत जातात. आज साडेनऊ किलो भरलेला कुत्रा पुढच्या महिन्यात अकरा किलोचा झाला, की त्याला पुढच्या पट्ट्याची गोळी लागते. महिन्याच्या गोळीत ही दुरुस्ती दर वेळी करता येते. बारा आठवड्यांच्या गोळीत ती संधी नाही. वजन अंदाजे धरू नका. घरच्या वजनकाट्यावर कुत्र्याला उचलून उभं राहा, मग एकट्याने उभं राहा, आणि वजाबाकी करा. उचलू देत नसेल तर धान्याच्या दुकानातला मोठा काटा कामाला येतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याचा इतिहास आपल्याला माहीत नसतो. या कुळातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. निरोगी कुत्र्यात हे क्वचितच घडतं. पण आपल्याकडच्या गल्ल्यांत डिस्टेम्पर या विषाणूच्या आजारातून वाचलेली कुत्री पुष्कळ, आणि त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूत तो आजार खूण ठेवून जातो. कुत्रं शांत झोपलेलं असताना जबडा, कानशील किंवा एखादा पाय घड्याळासारखा ठेक्यात उडतो का, हे पाहा. उडत असेल, किंवा कुणी 'याला मागे फीट आली होती' असं सांगितलं, तर गोळी न देता आधी डॉक्टरांशी बोला. एकदा पोटात उतरलेलं औषध बाहेर काढता येत नाही, आणि अशा वेळी चार आठवडे आणि बारा आठवडे यांतला फरक फार मोठा असतो.

गोळी देण्याची पद्धत सोपी आहे, तरी चुका इथेच होतात. नेक्सगार्ड आणि सिंपॅरिका उपाशीपोटी किंवा खाण्यासोबत, कशाही चालतात. ब्रॅव्हेक्टो मात्र जेवणासोबतच द्यायची, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. गोळीला मांसाची चव असते, पण ताप असलेलं कुत्रं तिला तोंड लावत नाही; मग उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात दडवा. खाल्ली की नुसती तोंडात धरली हे बघत दोन मिनिटं तिथेच थांबा. नेक्सगार्ड दिल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पूर्ण डोस पुन्हा द्यायचा असतो, म्हणून देताना वेळ लिहून ठेवा. पैसे वाचवायला मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून तीन पिल्लांत वाटतात, ते करू नका. तुकड्यांत औषध सारखं येईल याची खात्री नसते. आठ आठवड्यांच्या आतल्या किंवा दोन किलोंपेक्षा हलक्या पिल्लाला नेक्सगार्ड देतच नाहीत. त्याच्या गोचिडी चिमट्याने काढायच्या: कातडीला टेकवून तोंडाजवळ पकडायची, सरळ वर ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. नखाने चिरडू नका, काडी लावून जाळू नका, रॉकेल तर नकोच.

आता या गोळीला जे जमत नाही ते. कुत्र्यावरची गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्यावर नसतेच. अळी, पिल्लू, मोठी गोचीड, अशा प्रत्येक अवस्थेत ती एकदा रक्त पिते आणि खाली उतरते. मादी तर टम्म फुगून उतरते, वर चढते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. खणभागातले किंवा मिरजेतले जुने दगडी वाडे, पत्र्याचे शेड, प्लास्टर सुटलेल्या भिंती या त्यांच्या हक्काच्या जागा. रात्री बॅटरी घेऊन कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेमागची भिंत पाहा. जमिनीपासून तीन-चार फुटांवर, खिडकीच्या चौकटीच्या सांध्यात मोहरीएवढे तपकिरी ठिपके हळूहळू वर सरकताना दिसतील. त्या फटी सिमेंटने बुजवल्याशिवाय गोळीचं यश अर्धंच. अंथरूण म्हणून गोणपाट घालू नका, त्याच्या विणीत गोचीड लपते. जुनी सुती चादर घाला आणि ती दर तीन दिवसांनी कढत पाण्यात धुऊन उन्हात टाका. कुत्र्याला ठेवलेल्या कोपऱ्यात फवारणी करायची असेल तर कुत्रं बाहेर काढून करा आणि फरशी पूर्ण वाळल्यावरच आत घ्या. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनचं काहीही आणू नका. कुत्र्याला सोसणारं ते औषध मांजराचा जीव घेतं.

लुतीत मात्र या गोळ्यांनी चित्रच पालटलं आहे. लूत दोन प्रकारची, आणि फॉस्टरच्या घराला हा फरक कळायलाच हवा. सारकॉप्टिक लूत लागट असते. कानाची पाळी चिमटीत धरून तिच्या दोन बाजू एकमेकींवर हलकेच घासल्या की बहुतेक वेळा कुत्र्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागतो. कानाची कड, कोपर आणि मागच्या पायाची टाच खपलीने भरलेली असते. कातडी खरवडून तपासली तरी किडा सापडेलच असं नाही, म्हणून 'रिपोर्ट निगेटिव्ह आला' यावर विसंबू नका. माणसालाही पोटावर, हाताच्या आतल्या बाजूला लाल पुळ्या येतात. कुत्रं बरं झालं की त्या बहुधा आपोआप जातात. डेमोडेक्सची लूत माणसाला लागत नाही. ती तोंडाभोवती आणि पुढच्या पायांवर चट्ट्यांनी सुरू होते आणि खोल खरवडल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. सारकॉप्टिकसाठी महिन्याची गोळी ओळीने दोन महिने. डेमोडेक्ससाठी ती चालूच ठेवायची, महिन्याच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्या स्वच्छ येईपर्यंत. केस दिसायला लागले म्हणून तिथेच थांबणं ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि अशी लूत दत्तक घेणाऱ्याच्या घरी पुन्हा उठते.

वास मारणारी, चिकट, पू भरलेली कातडी नुसत्या गोळीने सुधारत नाही. तो जिवाणूंचा संसर्ग असतो. त्यासाठी क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू लावून फेस अंगावर दहा मिनिटं ठेवायचा, घड्याळ लावून, आणि मगच धुवायचा. अँटिबायोटिक लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील.

अमिट्राझ स्वस्त आहे आणि अजूनही काम करतं, हे मान्य करायला हवं. १२.५ टक्क्यांचं औषध लिटरला २ मिली टाकलं की २५० पीपीएमचं (दहा लाख भागांत २५० भाग औषध) पाणी होतं. अडचण वापरात आहे. ते अंगावर तसंच वाळू द्यायचं असतं, धुवायचं नसतं, आणि जुलै-ऑगस्टात सांगलीत ओलं कुत्रं दिवसभर वाळत नाही. आधीच अशक्त असलेलं जनावर गारठतं, सुस्त पडतं, नाडी मंदावते, रक्तातली साखर चढते. लावणाऱ्यालाही हातमोजे हवेत, आणि घरात मधुमेहाचं माणूस असेल तर हे काम त्याच्याकडे देऊ नये. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तर नाहीच. आयव्हरमेक्टिन लुतीवर चालतं, पण गुरांच्या बाटलीतून अंदाजाने टोचणं धोक्याचं. कोली जातीच्या आणि तिच्या संकराच्या कुत्र्यांच्या मेंदूवर ते जाऊ शकतं. जळकं ऑईल तर कुणीही, कधीही लावू नये. कुत्रं ते चाटतं आणि उघड्या जखमांतून ते आत मुरतं. हळदीच्या या गावात जखमेवर हळद दाबायची सवय आहे, पण हळदीने लुतीतला किडा मरत नाही, आणि खपलीवर बसलेल्या लेपामुळे डॉक्टरांना कातडी नीट दिसतही नाही.

गोचिडी मेल्या तरी त्यांनी आधीच सोडलेला ताप कुत्र्याच्या रक्तात असू शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत भरला पाहिजे. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या, त्यांवर लाल टिपके, नाकातून रक्त, अशी लक्षणं एर्लिकियाची, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या जिवाणूच्या तापाची. लघवी चहाच्या रंगाची असेल तर बबेसियाचा, म्हणजे गोचिडीतूनच येणाऱ्या, रक्तपेशी फोडणाऱ्या परजीवीचा, संशय घ्यावा. पूर आल्यावर कृष्णाकाठी सापडलेल्या कुत्र्याचे डोळे पिवळे असतील तर लेप्टो (लघवीतून पसरणारा, माणसालाही होणारा लेप्टोस्पायरोसिस) हाही डोक्यात ठेवा आणि त्याच्या लघवीला उघडा हात लावू नका. गुदद्वारातून घेतलेलं तापमान १०२.५ फॅरनहाइटपर्यंत ठीक. त्यापुढे गेलं तर त्याच दिवशी रक्ताची तपासणी, प्लेटलेटसह. तापासाठी घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, दोन्ही कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, २८ दिवस. आठ किलोच्या कुत्र्याला ८० मिलिग्रॅम झाले. हातातल्या गोळीचा किती भाग द्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. कुत्रं चौथ्या-पाचव्या दिवशी खेळायला लागतं आणि औषध तिथेच सुटतं. पुढे ताप उलटतो तो यामुळेच. आपल्याकडे गोळी पेढ्यात दडवायची युक्ती सर्रास आहे. या औषधासाठी ती नको. दुधातल्या कॅल्शियमला डॉक्सिसायक्लिन चिकटतं आणि कमी शोषलं जातं. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, म्हणून भात-चिकनच्या घासात द्या आणि मागून सुई काढलेल्या सिरिंजने पाच-सहा मिली पाणी गालाच्या बाजूने सोडा.

जिल्हा तासगावच्या बेदाण्याचा आहे म्हणून एक गोष्ट वेगळी सांगायलाच हवी. बेदाणा, मनुका, द्राक्षं यांपैकी काहीही कुत्र्याला देऊ नका. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्लं तर होतील याचा नेम नाही. घरात प्रसादाची वाटी खालच्या फळीवर राहणार नाही एवढं पाहा.

खाजवून जखमा करणाऱ्याला गळ्यात प्लास्टिकचा कोन लागतो. त्याची कड नाकाच्या पुढे दोन-तीन सेंटिमीटर यायला हवी. आखूड कोन घातलेलं कुत्रं शेपटीपर्यंत आरामात पोहोचतं. पाणी उथळ परातीत ठेवा.

पहिले चौदा दिवस घरच्या कुत्र्यांपासून वेगळी खोली, वेगळं भांडं. हाताळणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची आगाऊ लस घेतलेली असावी. चावा किंवा ओरखडा झालाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, आगाऊ लस घेतलेली असली तरी. गुंतागुंतीची केस असेल तर साताऱ्याहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आधीचे सगळे रिपोर्ट आणि औषधांची पाकिटं घेऊन जा.

तिन्हींत आमची पसंती अशी: आणल्यावर पहिले दोन महिने नेक्सगार्ड किंवा सिंपॅरिका, जी योग्य पट्ट्यात लवकर मिळेल ती. झटक्यांचा इतिहास नाही, रक्त सुधारलं, वजन स्थिरावलं, लुतीची तपासणी स्वच्छ आली, की दत्तक देताना ब्रॅव्हेक्टो, कारण नव्या घराला पहिले बारा आठवडे गोळीची तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. फाईलमध्ये गोळीचं रिकामं पाकीट चिकटवा आणि शेजारी दिलेली तारीख, त्या दिवशीचं वजन आणि पुढच्या गोळीची तारीख ठळक पेनाने लिहून द्या.